कळवायचे कोणाला?

मराठी वृत्तपत्रांत एकाच साच्याची बातमी वारंवार वाचायला मिळते: समलिंगी पुरुषांच्या डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या तरुणाला भेटायला बोलावले, मारहाण केली, चित्रफीत काढून पैसे उकळले. त्यानंतरची चर्चाही ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एक पक्ष म्हणतो, या ॲपांनी मुले बिघडवली, बंदी घाला. दुसऱ्या पक्षात माझेच मित्र अधिक आहेत आणि ते ॲपविरुद्ध चकार शब्द ऐकून घेत नाहीत; समलिंगी पुरुष आणि आजार हे शब्द एका वाक्यात आले की जुनी बदनामी नव्याने सुरू होईल, ही त्यांची धास्ती मला समजते. लंडनमध्ये समलिंगी पुरुष म्हणून बारा वर्षे काढल्यावर मात्र मला दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला, म्हणजे या भेटींतल्या आरोग्याच्या धोक्याला, बगल देताना दिसतात.

आधी इथली बाजू सांगतो, आणि ती काही गोजिरवाणी नाही. अमली पदार्थ घेऊन तासन्‌तास, कधी सलग दोन दिवस चालणाऱ्या लैंगिक मेळाव्यांना इथे 'केमसेक्स' म्हणतात. मेफेड्रोन (महाराष्ट्रात 'एमडी' म्हणून कुप्रसिद्ध झालेले तेच), क्रिस्टल मेथ आणि जीएचबी ही त्यातली तीन मुख्य द्रव्ये. आमंत्रणे बहुतांशी ॲपवरूनच येतात, तीही सांकेतिक: एखाद्या साध्या शब्दाच्या मधोमध रोमन 'टी' मोठ्या लिपीत लिहिलेला दिसला, तर तो क्रिस्टल मेथचा इशारा असतो. पहाटे तीन वाजता ॲप उघडले की जागे असलेलेच दिसतात, झोपलेले दिसत नाहीत, आणि त्या जाग्यांत असे इशारे देणारे बरेच असतात. त्यामुळे 'सगळेच हे करतात' असा समज नवख्या माणसाच्या मनात आपोआप रुजतो. माझ्याही मनात रुजला होता. कायद्याचे संरक्षण होते, 2014 पासून लग्नाचा हक्कही होता, तरीही हे घडत राहिले. म्हणून कलंक संपला की धोका संपेल, असे माझे मित्र म्हणतात तेव्हा मला मान डोलावता येत नाही.

पण मोबाइलच्या त्याच पडद्याने इथे दुसरेही काम केले. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या 'प्रेप' गोळ्यांनी धोका 86 टक्क्यांनी घटतो, हे 2015 मध्ये 'प्राउड' या ब्रिटिश चाचणीतून पुढे आले. तरी सरकारी आरोग्यसेवा त्या सर्रास देण्यास राजी होईपर्यंत 2020 उजाडले. मधल्या काळात पुरुषांनी एकमेकांना समाजमाध्यमांवरून माहिती दिली आणि जेनेरिक गोळ्या ऑनलाइन मागवल्या. त्यांतल्या कितीतरी भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या होत्या. 2022 मध्ये मंकीपॉक्सची साथ आली, तेव्हा लस कुठे मिळते हे मला डॉक्टरांच्या आधी ॲपवरच्या संदेशाने सांगितले. (ॲपवर माझा विश्वास आहे असे नव्हे. वापरकर्त्यांची एचआयव्हीविषयक माहिती ग्राइंडर या समलिंगी पुरुषांच्या ॲपने बाहेरच्या दोन कंपन्यांना पुरवल्याचे 2018 मध्ये उघड झाले. तो रकाना मी आजही कोरा ठेवतो.)

भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विरुद्धची, एचआयव्हीवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशन या संस्थेची 2001 मधील याचिका मुळात आरोग्याच्या मुद्द्यावर उभी होती. पुढे त्याच खटल्यात गृहमंत्रालय कलमाची पाठराखण करत असताना सरकारचीच एड्स नियंत्रण संस्था, 'नाको', न्यायालयाला सांगत होती की या कलमामुळे लोक लपून राहतात आणि प्रतिबंधाचे काम अडते. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. त्यानंतर चर्चा सन्मान आणि विवाह यांकडे वळली, ती योग्यच होती. आरोग्याचा धागा मात्र कोणी फारसा उचलला नाही.

या सुटलेल्या धाग्याची किंमत मला एका खुर्चीत बसून कळली. इथल्या क्लिनिकमध्ये माझी सिफिलिसची चाचणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा समुपदेशिकेने समोर बसून गेल्या काही महिन्यांतले जोडीदार आठवायला सांगितले. क्लिनिक त्यांना माझे नाव न घेता कळवणार होते. फोन उघडला तर पाचांपैकी दोघांची खाती पुसलेली होती, म्हणजे त्या दोघांपर्यंत कोणीच पोहोचणार नव्हते. खंडणीच्या भीतीने खोटे नाव घेणारा, चेहरा लपवणारा, भेट संपताच संभाषण पुसून ब्लॉक करणारा भारतातला तरुण वागतो ते शहाणपणानेच, पण पाचही जण तसे वागले तर कळवायचे कोणाला? निरोध वापरणार का, शेवटची चाचणी कधी केली, हे विचारण्याइतकी उसंत अशा भेटीत नसते. सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नाही आणि आपोआप भरून येतो, त्यामुळे संशयही येत नाही.

गेल्या वर्षी गावाकडच्या एका मित्राचा फोन आला. एचआयव्हीच्या संभाव्य संसर्गानंतर लागण टाळणारी औषधे 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. त्यातले साठ तास त्याने रील्स पाहण्यात घालवले होते. एकात लिंबूपाण्याचा उपाय होता, दुसऱ्यात थेट मरणाची धमकी. सरकारी रुग्णालयात मोफत चाचणी होते आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे, हे त्याला माझ्याकडून कळले. ज्या ॲपवर त्याला ती भेट मिळाली, तिथे या माहितीची एक ओळ मराठीत असती तर त्याचे दोन दिवस वाचले असते. ॲपवर बंदी मागणाऱ्यांच्या मागणीत ही ओळ नाही, आणि आमच्या बाजूच्या निवेदनांतही ती मला अजून दिसलेली नाही. फोन ठेवताना त्याने विचारले, "तिथे गेल्यावर लग्न झालंय का विचारतील, तर काय सांगू?"