पेनफोल्ड्सच्या फॉरवर्डमध्ये डॉक्टरीणबाई कुठे गेल्या?

एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. त्याचा गोषवारा असा: डॉ. क्रिस्टोफर रॉसन पेनफोल्ड यांनी 1844 साली ॲडलेडजवळ ‘पेनफोल्ड्स’ ही ऑस्ट्रेलियातली सगळ्यात जुनी वायनरी काढली. रुग्णांसाठी औषध म्हणून ते स्वतः वाइन बनवत. ते गेल्यावर बायकोने धंदा कसाबसा तगवला. डॉक्टरांनी लावलेल्या वेलींपासूनच आज ती जगप्रसिद्ध ‘ग्रेंज’ वाइन बनते.

साल बरोबर. ‘सगळ्यात जुनी’ मात्र नाही. ग्रेगरी ब्लॅक्सलँडने सिडनीकडची वाइन 1822 मध्येच लंडनला पाठवली होती आणि तिला रौप्यपदकही मिळालं होतं. हंटर खोऱ्यात जॉर्ज विंडमचा डालवुडचा मळा 1828 चा.

औषधाची गोष्ट खोटी नाही. पेनफोल्ड लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकलेले. रक्त कमी असलेल्यांना ते टॉनिक म्हणून पोर्ट आणि शेरीच्या धाटणीची, म्हणजे ब्रँडी मिसळून कडक केलेली वाइन देत. (बरं वाटल्यावरही रुग्ण बाटली मागायला येत असतील, तर त्यात नवल ते काय!)

पण ‘स्वतः बनवत’? इथेच फॉरवर्ड घसरतो. ॲडलेडजवळच्या मगिलची 500 एकर जमीन 1,200 पौंडांना घेतली, दक्षिण फ्रान्सच्या द्राक्षवेलींच्या काड्या लावल्या, आणि लवकरच डॉक्टरांची प्रॅक्टिस इतकी वाढली की द्राक्षबाग आणि वाइन दोन्ही त्यांच्या पत्नी मेरी पेनफोल्ड यांच्याकडे आलं. मोलकरीण एलन टिंब्रेल हाताशी होती. मेरींची रोजनिशीही आहे, त्यामुळे त्यांचं काम केवळ ऐकीव नाही. 1870 मध्ये डॉक्टर गेले तेव्हा बाग 60 एकरांवर होती आणि ती चालवण्याचा पंचवीसेक वर्षांचा अनुभव मेरींच्या गाठीशी होता. ‘कसाबसा तगवला’ म्हणणाऱ्याने पुढचा आकडा बघावा: 1881 मध्ये तळघरांत 1,07,000 गॅलनांहून अधिक, म्हणजे जवळपास 5 लाख लिटर वाइन होती. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एकूण वाइनच्या सुमारे एक तृतीयांश. जावई थॉमस हायलंड आणि जोसेफ गिलार्ड भागीदार होते, हे खरं; पण मेरी निवृत्त झाल्या त्या थेट 1884 मध्ये.

राहिली ‘ग्रेंज’. ती डॉक्टरांची नव्हे, पेनफोल्ड्सचा वाइन बनवणारा मॅक्स शुबर्ट याची. 1950 मध्ये तो युरोपला गेला, फ्रान्सच्या बोर्डोमध्ये वर्षानुवर्षं मुरणारी रेड वाइन त्याने पाहिली, आणि 1951 मध्ये शिराझ द्राक्षांवर पहिला प्रयोग केला. तीही एकट्या मगिलची द्राक्षं नव्हती; मॉर्फेट व्हेलच्या बागेचीही होती. पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्याच बरोसा खोऱ्यातल्या कालिम्नासारख्या बागांचा माल त्यात येत गेला. वेगवेगळ्या भागांतली द्राक्षं एकत्र करणं हीच तर या वाइनची रीत; एका बागेची पुण्याई नव्हे. सुरुवातीला ती कोणाला आवडलीही नव्हती. 1957 मध्ये व्यवस्थापनाने बंद करायचा हुकूम काढला. शुबर्टने 1957, 58 आणि 59 ची वाइन गुपचूप करून ठेवली, आणि 1960 मध्ये तेच व्यवस्थापन ‘पुन्हा सुरू करा’ म्हणालं.

बाटलीवरचं ‘ग्रेंज’ हे नाव पेनफोल्ड दांपत्याच्या मगिलमधल्या छोट्या घराचं. आणि त्या घराला ते मिळालं मेरींच्या इंग्लंडमधल्या घरावरून.