मगरीला साइड, गाईला मान

बडोद्यात नवी गाडी घेतलीत? अभिनंदन. पेढे वाटून झाले असतील, बॉनेटवर स्वस्तिक उमटलं असेल, चाकाखाली लिंबू चिरडलं असेल. आता एकच विधी उरला, आणि तो शोरूमवाले करून देत नाहीत: सायकलवाल्याशी वैर धरणं. त्याशिवाय गाडी पुरती अंगाला लागत नाही. मी हे वैर गेली कित्येक वर्षं दोन्ही बाजूंनी मन लावून केलं आहे. सकाळी सहा ते साडेसात मी सायकलवर असतो, दहानंतर गाडीत. तेव्हा माझा सल्ला एकांगी आहे असं तुम्हाला म्हणता यायचं नाही.

सुरुवात हॉर्नपासून. लांबून हॉर्न वाजवणं हे नवशिक्याचं लक्षण. लांबून वाजवला की सायकलवाला सावध होतो, डावीकडे सरकतो, विषय संपतो. अगदी त्याच्या मागच्या मडगार्डापाशी जा आणि मग दाबा. अलकापुरीच्या गरनाळ्यात तर अवश्य. वर रेल्वे, खाली आपण. आवाज भिंतींवर आपटून दामदुपटीने परत येतो. सायकलवाला दचकतो, हँडल हलतं, सायकल उजवीकडे झोल खाते. आता काच खाली करा आणि म्हणा, ‘जोईने चलाव ने, काका!’, म्हणजे बघून चालवा. झोल सगळ्यांनी पाहिलेला असतो, हॉर्न कुणाच्या लक्षात राहत नाही. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत हॉर्नला मनाई आहे, 2000 सालचा नियमच आहे, असं एखादा शहाणा सांगेल. त्याला विचारा, हॉर्न वाजवले नाहीत तर इस्पितळात माणसं येणार कुठून?

ओव्हरटेकचंही शास्त्र आहे. पुढच्या चोकडीला, म्हणजे चौकात, डावीकडे वळायचं असेल तर सायकलच्या मागे पाच सेकंद थांबण्याचा कमीपणा घेऊ नका. तिला ओलांडा आणि लगेच तिच्या पुढ्यातच डावीकडे गाडी घाला. सायकलला ब्रेक असतात. ते चालतात की नाही हे त्याला अधूनमधून कळलेलं बरं. जर्मनीत 2020 पासून गावातसुद्धा सायकलच्या बाजूने जाताना दीड मीटर अंतर सोडावं लागतं म्हणे. दीड मीटर! आमच्या मांडवीकडच्या पोळींमध्ये, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांमध्ये, दीड मीटरात दोन स्कूटर, एक ओटला आणि पानाचा गल्ला बसतो.

गाडी कडेला लावलीत की दाराचा प्रश्न येतो. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणजे त्याचं दार थेट वाहत्या रस्त्यात उघडतं. नेदरलँड्समध्ये दार लांबच्या हाताने उघडायला शिकवतात. आपल्या हिशेबाने डाव्या. त्यामुळे अंग आपोआप वळतं, मान मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. दिसली की थांबावं लागतं. म्हणून उजवा हात वापरा, तोही फोनवर बोलता बोलता.

एवढं करूनही कुणी वाद घातला तर हुकमाचा एक्का काढा: ‘आम्ही रोड टॅक्स भरतो!’ सायकलला ना लायसन, ना नंबर प्लेट, ना इन्शुरन्स, ना पीयूसी. चोकडीवरचा कॅमेरा आपल्या घरी मेमो पाठवतो आणि हा त्याच कॅमेऱ्याखालून शीळ घालत जातो. सगळं खरं आहे. फक्त शहरातले बरेचसे रस्ते महानगरपालिकेच्या पैशातून होतात आणि तो पैसा घराच्या वेऱ्यातूनही, म्हणजे घरपट्टीतूनही, येतो, जो सायकलवालाही भरतो, हे त्याच्या लक्षात येण्याआधी काच वर करा. कारण समोरचा माझ्यासारखा हिशेबी निघाला तर पंचाईत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात इंजिनियरांनी मुद्दाम रस्ते बांधले आणि त्यांवरून दिवसरात्र ट्रक फिरवले. रस्ता किती झिजतो, तर साधारण आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताइतका, असं निघालं. आता मांडा. मी आणि माझी सायकल मिळून 100 किलो, प्रत्येक आसावर 50. तुमची जाडजूड गाडी 2 टन, प्रत्येक आसावर 1000. वीसपट. विसाचा चौथा घात 1,60,000. म्हणजे तुम्ही 1,60,000 रुपये टॅक्स भरला असेल तर माझ्याकडे एक रुपया निघतो. तो मी द्यायला तयार आहे. तुमच्याकडे पावतीपुस्तक नसतं, एवढीच अडचण.

पूर्वी कित्येक शहरांत सायकलवर खरोखरच कर होता, पत्र्याचा बिल्ला मिळायचा. रात्री दिवा नसला तर पोलीस हवा सोडायचा. म्हणजे त्या काळी सायकलला निदान वाहन तरी समजत असत.

आता इकडच्या बाजूला या. सायकलवाल्या बंधूंनो, तुम्हीही वैरात कमी पडता कामा नये. सिग्नल लाल झाला की थांबू नका. सिग्नल इंजिनवाल्यांसाठी असतात. तेवढ्याच कामासाठी फूटपाथवर चढा, म्हणजे क्षणभर पादचारी, आणि पलीकडे उतरा, म्हणजे पुन्हा वाहन. मागचा लाल दिवा लावू नका, बॅटरी संपते. रविवारी सकाळी जुना पादरा रोडवर चौघं एका ओळीत चालवा आणि कुणाच्या चेनला कुठलं तेल यावर चर्चा करा. मागे दुधाचा टेम्पो ठणाणा करत असेल तर त्याला हाताने ‘जा, जा’ अशी खूण करा. कुठून जा, ते सांगू नका. हेल्मेट मात्र झकास हवं. राइड संपली की सेव-उसळीच्या दोन प्लेटा हाणा आणि मोबाइलवर जाळलेल्या कॅलरी मोजा. ऑफिसात दिवसभर कार्बनबद्दल बोला. 3 जूनला, जागतिक सायकल दिनाला, रॅलीला जा. सायकल गाडीच्या मागे कॅरियरला लटकवून नेली तरी चालते. बरेचजण तसेच येतात. देशातल्या एका नामांकित सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 2020 मध्ये नेमका याच तारखेला बंद पडला होता. रॅलीच्या भाषणात ते काढू नका, टी-शर्ट वाटायचे राहून जातात.

एक सावधगिरी दोन्ही पक्षांनी पाळावी. भांडण नेहमी हेल्मेटवाल्या सायकलस्वाराशी करायचं, कारण तो उलट बोलतो, व्हिडिओ काढतो, रंगत येते. दुसरा एक सायकलवाला असतो. काळी, जड सायकल, हँडलला डबा, शिफ्टला मकरपुरा जीआयडीसीकडे, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीकडे, निघालेला. त्याच्यामागे हॉर्न वाजवून पाहा. तो काही बोलत नाही. मागे वळूनही बघत नाही. रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरतो, एक पाय टेकतो, तुम्ही गेलात की पुन्हा पॅडल मारतो. 2011 च्या जनगणनेत देशातल्या 44.8 टक्के घरांत सायकल होती आणि 4.7 टक्के घरांत मोटार. वैरासाठी तो माणूस अगदीच निरुपयोगी. त्याला सायकल दिनही माहीत नसतो.

आणि भांडण गुजरातीतच करावं. हा अनुभवाचा बोल आहे. मागे एकदा रावपुऱ्यात एका गाडीचा आरसा माझ्या कोपराला लागला. मी थांबलो, तोही उतरला. ‘मरवानो थयो छे?’ इथून सुरुवात झाली. दोघांचीही गुजराती चढत चढत गेली, चार माणसं जमली, एक चहावाला तर किटली खाली ठेवून उभा राहिला. एवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो म्हणाला, ‘अगं हो, आणतोय कोथिंबीर, जरा थांबशील का?’ मेलं सगळं. मी विचारलं, ‘तुम्ही दांडिया बाजारातले का हो?’ तो म्हणाला, ‘अहो, आमच्या ओटल्यासमोरून तर जाता रोज सकाळी!’ मग त्याने माझं कोपर पाहिलं, मी त्याचा आरसा सरळ केला, गणपतीला येण्याचं निमंत्रण झालं. चहावाल्याने निराश होऊन किटली उचलली. मराठीत भांडण टिकत नाही असं नाही, आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण त्यासाठी आधी नातं लागतं.

तरीही काही भाबडे लोक विचारतात, बडोद्याच्या रस्त्यावर सायकलवाल्याला मान कसा मिळेल? सोपं आहे. मगर व्हा. आपल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेतच. ऑगस्ट 2024 च्या पुरात पाणी शहरात शिरलं, त्याबरोबर त्याही वस्त्यांत आल्या. बघा कसा फरक पडतो. मगर रस्त्यात असली की कुणी हॉर्न वाजवत नाही. कुणी ‘जोईने चलाव’ म्हणत नाही. दीड मीटर सोडा, लोक पंधरा मीटर सोडतात, तेही कुठल्या जर्मन कायद्याशिवाय. वनखात्याचं ऑफिस गाठायला एका मगरीला दोघा जणांनी चक्क स्कूटरवरून नेलं, मधे आडवी धरून. तो व्हिडिओ देशभर फिरला. लक्षात घ्या, मगरसुद्धा स्कूटरवर बसली. सायकलवर नाही.

मगर होणं जमत नसेल तर गाय व्हा. गाय उलट्या बाजूने येते, दिवा लावत नाही, हात दाखवत नाही, टॅक्स भरत नाही आणि सिग्नलला आडवी बसते. सायकलवाल्याचे सगळे गुन्हे एकटी करते आणि आपण तिला वळसा घालताना नमस्कार करतो.

परवाची गोष्ट. संध्याकाळी गाडीतून घरी निघालो होतो. रविवारची राइड गावाबाहेर होती, म्हणून माझी सायकल मागच्या कॅरियरला उलटी लटकत होती, ती तशीच राहिली होती. काळा घोडा, म्हणजे सयाजीराव महाराजांचा घोड्यावरचा पुतळा, त्याच्याजवळ पुढे एक डबेवाली काळी सायकल. माझा हात हॉर्नवर गेलाच. मागच्या बसचा हात माझ्यासाठी गेला. त्या बसमागे आणखी कुणाचा. महाराज घोड्यावरून शांतपणे पाहत होते. तेवढ्यात गाय आली. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, जरा विचार केला आणि बसली. सगळे हॉर्न थांबले. बसवाल्याने इंजिन बंद केलं, मीही केलं.

सायकलवाला खाली उतरला, हँडल हातात धरून गाईच्या शेपटीमागून अलगद निघाला, पलीकडे पुन्हा टांग टाकली आणि मोकळ्या रस्त्याने दिसेनासा व्हायला लागला.

तेव्हा मात्र मी त्याच्यावर जोरात हॉर्न वाजवला.