तात्यानाने खुर्ची नाकारली नव्हती, तिला कुणी दिलीच नव्हती

पारोळ्याला ताईच्या घरी माझ्या आठ वर्षांच्या भाचीची नवी व्हीलचेअर तीन आठवड्यांपासून कोठीत पडून आहे. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. कारण नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज. अमेरिकेची व्हीलचेअर शर्यतपटू तात्याना मॅकफॅडन हिचा फोटो आणि खाली मजकूर: 'हिने व्हीलचेअर नाकारली, हातांवर चालली, म्हणून ऑलिंपिक जिंकली. मुलांना खुर्चीची सवय लावू नका.' त्याच मेसेजखाली आणखी दोन शेरे: तिच्या खुर्चीला मोटर असते, आणि तिने शाळेवर केस करून पैसे उकळले. ताईच्या सासऱ्यांना, आप्पांना, ते पटलं. "पोरले खुर्चीनी सवय लागी जाई," म्हणाले आणि विषय मिटला.

मी तो मिटू देणार नाही.

तात्याना १९८९ साली लेनिनग्राडमध्ये जन्मली. स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा जन्मतः नीट न मिटलेला, कमरेखाली लुळेपण. ती अनाथाश्रमात वाढली आणि तिथे व्हीलचेअर नव्हती, म्हणून हातांवर चालली. डेबोरा मॅकफॅडन यांनी तिला दत्तक घेऊन अमेरिकेला नेलं, तिथे खुर्ची मिळाली आणि त्यानंतर खेळ सुरू झाला. २००४ ला अथेन्समध्ये पंधराव्या वर्षी दोन पदकं. २०१३ मध्ये बोस्टन, लंडन, शिकागो, न्यूयॉर्क या चारही मॅरेथॉन एकाच वर्षात. यातलं एकही यश खुर्चीशिवाय मिळालेलं नाही.

हातांवर चालून खांदे बळकट झाले, हे ती स्वतः सांगते. तेवढं मान्य करतो. पण आमच्या पोरीकडे बघा. उन्हाळ्यात फरशी पोळते म्हणून ती हातांत चपला घालून ओटा ओलांडते, पाय मागे फरफटत येतात. तिला पायांना स्पर्श कळत नाही. गेल्या महिन्यात टाच सोलली गेली, ते ताईला मोजा रक्ताने चिकटल्यावर कळलं. अशी जखम चिघळली तर पाय गमवायची वेळ येते. याला कुणी जिद्द म्हणू नये.

'त्या खुर्चीला मोटर असते' हेही खोटं. शर्यतीच्या खुर्चीला तीन चाकं असतात, मोटर नाही, गिअर नाही. हातमोजे घालून चाकाच्या कडेला दणके देत ती पळवायची. आणि ती स्पर्धा ऑलिंपिक नव्हे, अपंग खेळाडूंची पॅरालिंपिक.

'शाळेवर केस करून पैसे उकळले' हे वाचून मात्र डोकं फिरलं. मेरीलँडमधली तिची शाळा तिला इतर मुलींबरोबर शर्यतीत उतरू देत नव्हती, रिकाम्या ट्रॅकवर एकटीला पळवत होती. २००५ मध्ये ती कोर्टात गेली ती फक्त सगळ्यांबरोबर पळू द्या एवढ्यासाठी. नुकसानभरपाई मागितलीच नव्हती. निकाल तिच्या बाजूने लागला आणि २००८ मध्ये त्या राज्याने अपंग विद्यार्थ्यांच्या खेळासाठी कायदाच केला. आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ शाळांना हेच सांगतं: शिक्षण आणि खेळ, दोन्हींची संधी इतरांच्या बरोबरीने. तरी भाचीला पी.टी.च्या तासाला वर्गात दप्तरं राखायला बसवतात. खुर्ची असेल तर ती निदान मैदानापर्यंत पोचेल, मग बाईंशी काय बोलायचं ते मी बोलेन.

आप्पा, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. रविवारी सकाळच्या एस.टी.ने येतोय. पाय ठेवायची पट्टी तिच्या मापाला खाली-वर करावी लागेल, पाना घेऊन येतो. तोवर प्लास्टिक काढून ठेवा.