आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो रोबो

तुमच्या पोरानं किंवा पोरीनं शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये नाव घातलं असेल, तर सगळ्यात आधी अन्याय झाल्यासारखा चेहरा करायला शिका. वायरिंग, कोडिंग, वेल्डिंग वगैरे मुलं आपापली शिकतात. पालकानं प्रेक्षकांत बसून अन्याय सोसायचा असतो, आणि ते काही पहिल्याच हंगामात जमत नाही. मी मिशिगनमध्ये पाच हंगाम हे काम इमानेइतबारे केलंय, म्हणून चार गोष्टी सांगायचा अधिकार घेतो.

ज्यांच्या घरात हा ताप अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन नावाची ही स्पर्धा अमेरिकी संशोधक डीन केमन यांच्या संस्थेनं १९९२ साली न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ टीम घेऊन सुरू केली. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो आणि मुलं त्यासाठी नवा रोबो बांधतात. २०२४ साली मैदान होतं साधारण २७ फूट बाय ५४ फूट. लाल बाजूला तीन रोबो, निळ्या बाजूला तीन. सामना तेव्हा अडीच मिनिटांचा होता. पहिले काही सेकंद रोबो स्वतःच्या अकलेनं पळतात, पुढे मुलं काचेमागून चालवतात. २०२४ साली रोबोला १२५ पौंडांची, म्हणजे साधारण ५७ किलोंची मर्यादा होती, बंपर आणि बॅटरी वेगळी. अशी सहा धुडं एकाच अंगणात सोडली, तर त्यांतलं एखादं दुसऱ्याच्या वाटेत उभं राहणारच. या वाटेत उभं राहण्याला डिफेन्स म्हणतात. आपला जन्म त्याचा निषेध करण्यासाठी झालेला आहे.

आता पहिला धडा. डिफेन्स वाईट की चांगला हे कधीही मोघम ठरवू नका. आधी बंपरचा रंग पाहा. आपला रोबो समोरच्याला अडवत असेल तर तो ‘दबाव’ टाकतोय, ‘मैदान वाचतोय’. समोरचा आपल्याला अडवत असेल तर तो धसमुसळेपणा, आणि त्या मुलांना घरी कुणी काही शिकवलेलं नाही. दर सामन्याला रंग बदलू शकतो, सकाळी लाल असलेले आपण दुपारी निळे होतो, त्यामुळे जरा सावध राहावं लागतं. एकदा मी अख्खा दीड मिनिट आमच्याच रोबोला गुंड म्हणत होतो. बायकोनं कोपर मारलं तेव्हा कळलं. पुढचा एक मिनिट मी त्याच रोबोच्या धैर्याचं कौतुक केलं.

दुसरं म्हणजे नियमावली वाचू नका. वाचली की तोंडचा घास गेलाच. तिच्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की समोरच्याचा रोबो मोडणं, उलथवणं, त्याला अडकवून ठेवणं हाच ज्याचा हेतू आहे असा डावपेच चालणार नाही. इथपर्यंत आपल्याला फार आवडतं. पण बंपरनं बंपरला रेटणं, वाटेत उभं राहणं, वळायला लावणं याला मनाई नाही. त्यासाठीच तर प्रत्येक रोबोला भोवती प्लायवूड, त्यावर पोहायच्या तलावातल्या त्या फोमच्या नळ्या आणि वरून घट्ट कापड साधारण अशी गादी बांधायची सक्ती असते. जिथं धक्का लागायचाच नाही, तिथं सगळ्यांना गाद्या कशाला बांधल्या, असं लेक विचारेल. पाणी पिऊन येतो म्हणून उठा.

पिनिंगचा नियम मात्र पाठ करा, कारण तो आरडाओरड्याला सोयीचा आहे. समोरच्या रोबोला भिंतीशी दाबून धरलं तर ठरावीक सेकंदांत सोडावं लागतं. बरीच वर्षं ही मुदत पाच सेकंदांची होती, २०२५ ला तीनवर आणली. पंच हात हलवून मोजतात. तुम्ही त्यांच्या आधी मोजा, मोठ्यानं मोजा, आणि आपल्या रोबोला दाबलं असेल तर ‘एक, दोन, पाच’ असं मोजा. आपण दाबलं असेल तर ‘एक... अरे, त्याला जागा आहे की तिकडून... दीड...’

आणि भाषणात वुडी फ्लॉवर्स यांचं नाव घ्यायला विसरू नका. एमआयटीतले हे प्राध्यापक २०१९ साली गेले. ‘ग्रेशस प्रोफेशनलिझम’ हा या स्पर्धेचा मंत्र त्यांनी रुजवला. जीव तोडून खेळा आणि खेळताना समोरच्याचा मान राखा, असा त्याचा मथितार्थ. तुम्ही पहिला अर्धा गाळा. नुसतं ‘मान राखा’ एवढंच घेतलं की समोरच्याचं कर्तव्य आपोआप ठरतं. त्यानं बाजूला व्हायचं, आपल्याला गोल करू द्यायचे, आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या.

या मंत्राला बाधा आणणारी एक वाईट सवय आपल्या लोकांना आहे. आपण कबड्डी पाहत मोठे झालो. एक गडी ३० सेकंदांसाठी चढाईला येतो आणि पलीकडचे सातच्या सात त्याच्यावर पडतात. कुणी घोटा धरतं, कुणी कंबर, कुणी साखळी करून त्याला मैदानाबाहेर भिरकावतं. ‘सात जणांनी एकाला धरणं न्याय्य आहे का?’ असा प्रश्न माझ्या आयुष्यात कुणी विचारलेला मी ऐकलेला नाही. उलट घोटा धरणाऱ्याला शिट्ट्या मिळतात. आट्यापाट्यांत तर पाटीवर उभं राहून वाट अडवणं हाच खेळ. दहीहंडीला गॅलरीतून गोविंदांवर बादल्या ओतणाऱ्या काकू काय करत असतात? (पुण्यात २००८ साली एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधली रोबो स्पर्धा भरली तेव्हा खेळाचा विषयच गोविंदा होता. बादलीवाल्या काकूंचा रोबो कुणी केला असता तर मी त्याला मत दिलं असतं.) तर हे सगळं विमानात बसतानाच विसरून जायचं. डेट्रॉइटला उतरल्यावर आपल्या मते अडवणं हे संस्कृतीत बसत नाही.

तक्रारीला धार यावी म्हणून थोडा इतिहास तोंडी असावा, पण निवडून. ‘डिफेन्सवर जबर दंड लावा’ अशी मागणी करत असाल तर २०१४ चा उल्लेख टाळा. त्या वर्षी मोठ्या फुग्याएवढा चेंडू एकमेकांना देत गोल करायचा होता आणि मैदान मोकळं असल्यामुळे दणादण टकरा व्हायच्या. दंडही जबर होते. साधा फाउल २० गुणांचा, टेक्निकल फाउल ५० गुणांचा, आणि वरच्या गोलाला मिळायचे १०. म्हणजे एका शिट्टीत पाच गोल. पोरं आठवडेच्या आठवडे चेंडू फेकायचं यंत्र जुळवत बसली आणि किती तरी सामने पंचांच्या झेंड्यानं ठरले. ‘डिफेन्स बंदच करा’ असं म्हणायचं असेल तर २०१५ विसरा. तेव्हा खरोखरच बंद केला होता. लाल आपल्या अर्ध्यात, निळे आपल्या अर्ध्यात, प्रत्येकानं आपापले प्लास्टिकचे डबे एकावर एक रचायचे. अंतिम फेरीपर्यंत हार-जीतसुद्धा नव्हती, सरासरी गुण मोजायचे. कुणी कुणाला हात लावला नाही आणि गोदामात माल लावताना बघावं तसं लोक बघत बसले. तरीही मधल्या रेषेवर कचऱ्याचे चार हिरवे डबे सामायिक ठेवले होते. मग काय, पहिल्या क्षणाला सट्‌कन हात टाकून ते चारही ओढून न्यायची यंत्रं लोकांनी बांधली. आपल्याला मिळावेत म्हणून, आणि त्याहून जास्त समोरच्याला मिळू नयेत म्हणून. त्या यंत्रांना नाव पडलं ‘कॅनबर्गलर’. दाराला कुलूप लावलं तर माणसं कौलं काढून आत आली.

आता कोण डिफेन्स खेळतं, हेही बारकाईनं पाहू नका. पाहिलंत तर दिसेल की आपल्या रोबोखाली चार स्वर्व्ह मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्र वळणारी चाकं, आहेत, आठ मोटारी आहेत, तो तोंड न फिरवता खेकड्यासारखा कुठल्याही दिशेला सरकतो. मागे मोठ्या कंपनीचे प्रायोजक आणि रविवारी यंत्रं चालवू देणारा कुणाचा तरी काका आहे. आणि समोर जो आडवा येतोय तो संचातून मिळालेल्या सांगाड्यावर बांधलेला, सहा चाकांचा, पत्र्याच्या पेटीसारखा रोबो. त्याचा फेकायचा हात शुक्रवारी सकाळीच मोडलाय. त्या टीमकडे करण्यासारखं एकच काम उरलंय, आणि ते ती करतेय.

तो २०२४ चा हंगाम होता. त्या वर्षी फोमच्या नारिंगी कड्या उचलून स्पीकर नावाच्या उंच तोंडात टाकायच्या होत्या. आमच्या पोरांची एक खेप साधारण बारा सेकंदांत व्हायची. शुक्रवारी दुपारी पत्र्याची पेटी आमच्या वाट्याला आली. चालवणारी नववी-दहावीतली मुलगी असावी, काचेमागून तिचा अंबाडा तेवढा दिसत होता. मला वाटलं, आता ही लांबून धावत येऊन आदळणार. आदळली नाही. ती नुसती आमच्या आणि स्पीकरच्या मध्ये उभी राहिली. आम्ही डावीकडे सरकलो की ती अर्धा फूट डावीकडे. आम्ही वेग घेतला की ती आमच्या कोपऱ्याला हलकेच टेकायची, आणि आमचा नेम दोन अंश फिरायचा. फेकलेली कडी स्पीकरच्या कडेवरून घरंगळून खाली. आम्ही मैदानावरच्या पोडियम नावाच्या भागाला जाऊन चिकटलो, कारण तिथं आम्हाला हात लावला तर फाउल. ती दोन फुटांवर थांबली, अगदी गल्लीच्या तोंडाशी म्हातारं कुत्रं बसतं तशी. आम्ही एक कडी टाकली, दुसरी आणायला निघालो, ती निघाली. पंचाचा झेंडा एकदाही वर गेला नाही. बारा सेकंदांची खेप वीसवर गेली आणि आम्ही सामना हरलो.

मी त्या रात्री हॉटेलात बसून आयोजकांना पत्र लिहिलं. चार परिच्छेद. ‘खेळाचा आत्मा’ दोनदा, ‘मुलांचं खच्चीकरण’ एकदा. पत्र लिहिणं हा या साधनेतला पुढचा टप्पा आहे, आणि तो पालकांना गाठावाच लागतो, कारण मैदानावर पंचांशी बोलायला जाण्याची परवानगी फक्त टीममधल्या एका विद्यार्थ्याला असते. आपण मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तर मुख्य पंच बघतही नाहीत, नियमच आहे तसा. लेकीला म्हटलं, तू जाऊन विचार. ती म्हणाली, “बाबा, काय विचारू? ती छान खेळली.” ही पिढी अन्याय सोसायला तयार नाही, हेच खरं.

खऱ्या तक्रारी नसतात असं नाही. मागल्या एका हंगामात एका रोबोनं बंपरच्या वरून आत हात घालून आमचा इनटेक, म्हणजे वस्तू आत ओढायचं तोंड, वाकवला होता. रोबोच्या चौकटीच्या आत असं घुसणं सरळ नियमभंग आहे. मैदानावर सहा रोबो आणि मोजके पंच, त्यामुळे त्यांच्या नजरेतून तो सुटला. मी ओरडलो. पण त्याआधीच्या अकरा सामन्यांत मी रंगाप्रमाणे ओरडत आलो होतो, त्यामुळे शेजारच्यांनी चिप्सची पिशवी पुढे केली.

शनिवारी दुपारी प्लेऑफसाठी अलायन्स, म्हणजे तीन-तीन टीमचे गट, निवडायची वेळ आली. पहिल्या आठ टीमचे कप्तान मैदानात उभे राहतात आणि आपले दोन-दोन जोडीदार मागून घेतात. पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसऱ्या फेरीत उलट, आठ ते एक. आम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतो, म्हणजे आमचा दुसरा जोडीदार जवळजवळ शेवटी, उरलेल्यांतून. आमच्या मुलांची स्काउटिंगची, म्हणजे बाकीच्या टीमच्या खेळाच्या नोंदींची, वही आदल्या रात्री माझ्या पत्राच्या बाजूलाच उघडी होती, पण मी काही तीत डोकावलो नव्हतो. कप्तानानं माइक घेतला आणि पत्र्याच्या पेटीचा नंबर वाचला. अंबाडेवाली मुलगी आणि तिचे तिघे-चौघे धावत खाली आले. माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवत होतो. हीच खरी तयारी. बंपरचा रंग बदलला की मत बदलायला एक सेकंदसुद्धा लागता कामा नये.

प्लेऑफमध्ये आमच्या त्या पोरीनं (हो, आता आमचीच) समोरच्या पहिल्या क्रमांकाच्या रोबोला असं काही जखडलं की मी उभा राहून, “शाब्बास! सोडू नकोस! कोपऱ्यात घे!” असं मराठीतूनच ओरडलो. अख्ख्या जिममध्ये ते कळणारा आम्हा नवरा-बायकोशिवाय एकच माणूस होता, माझी लेक, आणि ती काचेमागून ओशाळून वळली. “काय ते मैदान वाचतेय!” मी शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना इंग्रजीत सांगितलं.

त्यांच्या अंगात समोरच्या टीमचा टी-शर्ट होता. मान खाली घालून ते दोन्ही अंगठ्यांनी फोनवर काहीतरी खरडत होते. “पंच झोपलेत,” ते म्हणाले. “मी आयोजकांना लिहितोय. हा काय खेळ झाला?”

मला त्यांची दया आली. नवखे होते, पहिल्याच वाक्यात अडले होते. मी माझा फोन काढला, ड्राफ्टमधलं पत्र उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, “तयारच आहे. टीमचा नंबरसुद्धा बदलावा लागणार नाही.”