सांगलीकरांच्या कमेंटला उत्तर : तोफा आपल्याच भारी होत्या, तरी हरलो

नमस्कार सांगलीकर (तुम्ही नाव टाकलं नाहीत, नुसतं 'एक सांगलीकर' लिहिलंय, म्हणून हेच म्हणतो, राग नसावा),

तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि तिथंच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण रात्री रागानं लिहिलेलं सकाळी आपल्यालाच पुसत बसावं लागतं हा अनुभव आहे, म्हणून दोन दिवस दम खाल्ला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखाला मी 'लढाई हत्यार नाही, नेता जिंकतो' असं नाव दिलं होतं. त्यावर सांगलीकर म्हणतात की हे शाळेतल्या १५ ऑगस्टच्या भाषणासारखं झालं, लढाई पैसा, हत्यार आणि संख्या जिंकते, नेता हा मागाहून पोवाड्यासाठी शोधतात. इंग्रजांच्या तोफा भारी होत्या म्हणून मराठे हरले, अब्दालीकडे माणसं जास्त होती म्हणून पानिपत झालं, १९६५ ला पाकिस्तानविरुद्ध असल उत्तरला जिंकवलं ते नशीब आणि चिखलानं. आणि शेवटी टोमणा, की अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला बसून इतिहास लिहिणं सोपं असतं.

टोमणा आवडला. खरंच पायथ्याला बसतो, गच्चीवरून किल्ला दिसतो.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते कबूल करतो. लेखाचं नाव चढवून दिलं होतं, आणि आत एक वाक्य होतं की 'चांगला सेनापती असेल तर संख्येला अर्थ राहत नाही', ते साफ चुकीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा टायगर रणगाडा समोरासमोर शेर्मन किंवा टी-३४ला भारी होता, सेनापतीही त्यांच्याकडे कमी नव्हते, पण टायगर १ बनले सगळे मिळून साडेतेराशेच्या आसपास आणि अमेरिकेनं शेर्मन काढले जवळपास पन्नास हजार. तिकडून रशियाचे टी-३४ हजारोंनी येतायत ते वेगळंच. एक टायगर बंद पडला की ओढून आणायलाच दोन-तीन मोठी वाहनं लागायची. वर्षानुवर्षं चालणाऱ्या युद्धात कारखाना जिंकतो, यात तुमच्याशी माझं भांडण नाही.

पण इंग्रजांच्या तोफांचं म्हणालात ना, तिथं मात्र थांबा.

असईची लढाई घ्या, २३ सप्टेंबर १८०३, आपल्याच जालना जिल्ह्यात. एका बाजूला आर्थर वेलस्ली, तोच जो पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणार होता. त्याच्याकडं मैदानात साडेचार हजारांच्या आसपास माणसं. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले, दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि तीसेक हजार घोडदळ. म्हणजे संख्या आपली, तोफा आपल्या, आणि त्या तोफा काही भंगार नव्हत्या हो. शिंद्यांचा तोफखाना युरोपियन पद्धतीनं उभा केलेला, गोलंदाज पक्के. इंग्रजांच्या स्वतःच्या तोफा पुढं आल्या आल्या आपल्या माऱ्यानं निकामी झाल्या, ओढणारे बैल मेले, गोलंदाज मेले, आणि वेलस्लीला तोफा मागं टाकून नुसत्या संगिनींवर पायदळ पुढं घालावं लागलं. आपले काही गोलंदाज तर मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रज पुढं गेल्यावर उठून तोफा फिरवून त्यांच्या पाठीवर डागल्या. इंग्रजांचे मेलेले-जखमी दीड हजारांच्या वर, म्हणजे तीन माणसांमागं एक. आता सांगा, भारी तोफा कुणाच्या होत्या?

मग हरलो कसे, तर हे मला नीट सांगायचंय कारण मूळ लेखात मी दोन ओळींत उरकलं होतं. आपली फौज कैलना नदीच्या पलीकडं नदी समोर धरून उभी होती, जागा चांगली होती. वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं की इथं दुसरा उतार (नदी पायी ओलांडायची जागा) नाही. त्यानं दुर्बीण लावली तर लांब उजवीकडं नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्यानं हिशेब केला की दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसलीत म्हणजे मधून येणं-जाणं असणार, म्हणजे उतार असणारच. कृष्णाकाठच्या कुठल्याही पोराला हे कळेल, पण ऐन लढाईच्या तोंडावर सुचायला पाहिजे ना! उतार निघाला, फौज पलीकडं गेली आणि आपल्या बगलेवर आली. आपल्या पायदळाचा सेनापती पोहलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस, त्यानंही अख्खी ओळ फिरवून नव्या दिशेला तोंड केलं, हे कवायती फौजेलाच जमतं, त्यामुळं पायदळ लेचंपेचं होतं असंही म्हणता येत नाही.

कमी काय पडलं? दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले दोघंही लढाई ऐन भरात असताना मैदानात नव्हते. तीसेक हजारांचं घोडदळ बहुतेक बघत उभं राहिलं, त्याला 'आता घाला' म्हणणारं कुणी नाही. आणि शिंद्यांच्या पलटणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना कंपनीनं त्याच सुमारास जाहीरनामा काढून फोडलं होतं, नोकरी सोडा, तुमची सोय आम्ही बघतो म्हणून. म्हणजे जे लोक हुकूम द्यायचे तेच निघून गेले. तोफा राहिल्या. ९८ तोफा इंग्रजांना मिळाल्या, चांगल्या चालत्या.

पुढं १ नोव्हेंबरला लासवारीला जनरल लेक शिंद्यांच्याच पलटणींशी लढला आणि जिंकल्यावर त्यानं लिहून ठेवलं की हे लोक जीव तोडून लढले, आणि फ्रेंच अधिकारी त्यांच्या डोक्यावर असते तर निकालाची खात्री देता आली नसती. हे जिंकणारा माणूस लिहितोय, मी नाही.

आणि संख्येचं म्हणाल तर ती कागदावरची वेगळी आणि मैदानातली वेगळी. १७९५ ला खर्ड्याला सगळे सरदार एकत्र होते, निजाम गुडघ्यावर आला. आठ वर्षांनी होळकर बाजूला बसलेले, खुद्द पेशवे वसईचा तह करून इंग्रजांच्या मांडीवर. माणसं महाराष्ट्रातनं कुठं गेली नव्हती, तेवढीच होती.

आता पानिपत. ते लिहिताना माझा हात जरा जड होतो, त्यामुळं थोडक्यात. तुमचं म्हणणं, अब्दालीकडं माणसं जास्त. लढाऊ माणसं थोडीफार जास्त होती, मान्य. पण इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा त्याच्या तोफांना भारी होत्या, आणि सकाळभर गारद्यांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची काय दशा केली ते बघा. अब्दालीकडं उंटांवरच्या जंबुरका होत्या, म्हणजे हलक्या तोफा, कुठंही नेता यायच्या. खरी गोम म्हणजे आपली संख्याच आपल्याला खात होती. लढणाऱ्यांच्या बरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका-पोरं, आणि डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसद जवळजवळ तुटलेलीच. लोक संख्या मोजताना तलवारी मोजतात, तोंडं मोजत नाहीत. १४ जानेवारीला उपाशी फौज मैदानात उतरली. दुपारी अब्दालीनं पळणारे स्वतःचे लोक दटावून परत फिरवले आणि राखून ठेवलेली ताजी फौज घातली. आपल्याकडं राखीव काही नव्हतं. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरनं उतरून घोड्यावर बसून गर्दीत शिरले, आणि रिकामी अंबारी बघून फौजेचा धीर सुटला. भाऊंच्या शौर्यावर मी काडीची शंका घेत नाही, पण त्या क्षणी फौजेला एक तलवार जास्त नको होती, अंबारीत बसलेला माणूस हवा होता.

असल उत्तर. इथं तुम्ही म्हणालात 'नशीब आणि चिखल', आणि हे वाचून मला खरं तर हसू आलं, कारण सांगलीचा माणूस चिखलाला नशीब म्हणतोय.

माझाच किस्सा सांगतो. कराड तालुक्यात आमचं थोडं ऊसाचं रान आहे. तीन-चार वर्षांपूर्वी नवा ट्रॅक्टर घेतला, पंचावन्न एचपी, गावात तेव्हा तेवढा मोठा कुणाचा नव्हता आणि मला जरा मस्ती होती. तोड चालू होती, शेजारच्या रानाचं पाणी बांध फुटून आमच्या कडेच्या सऱ्यांत उतरलेलं, वापसा नव्हता, म्हणजे रान चाक घालण्याइतकं सुकलं नव्हतं, टोळीतला मुकादम म्हणाला दोन दिवस थांबा. मी म्हटलं एवढं मशीन काय नुसतं बघायला घेतलंय का, घाल. भरलेली ट्रॉली घेऊन वीसेक फूट गेला असेल, मग चाक जागेवर फिरायला लागलं आणि फिरेल तसं खाली जायला लागलं. एक्सलपर्यंत गेला. चाकाखाली पाचट घातलं, दगड घातले, काही होईना. ट्रॉली रिकामी केली, संध्याकाळी बांधावरनं दुसरा ट्रॅक्टर लावून साखळीनं ओढला. आणि ह्या सगळ्या वेळात टोळीतली बैलगाडी त्याच रानाच्या दुसऱ्या कडेनं, वाळलेल्या बांधावरनं, दोन खेपा करून गेली. गाडीवान माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता, ते जास्त लागलं.

आता १९६५ चा सप्टेंबर, पंजाबात खेमकरणच्या मागं असल उत्तर. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन, अमेरिकन पॅटन रणगाडे, रात्री बघायची सोय असलेले, त्या वेळचं एक नंबर मशीन. आपल्याकडं सेंच्युरियनची एक रेजिमेंट, बाकी दुसऱ्या महायुद्धातले शेर्मन आणि हलके एएमएक्स. आपला ६ तारखेचा पहिला हल्ला फसलेला, पलटणी विस्कटलेल्या, हे लपवायचं कारण नाही. मेजर जनरल गुरबक्षसिंग यांनी फौज मागं घेतली आणि असल उत्तरला घोड्याच्या नालासारखी मांडली, ऊसात रणगाडे लपवले, कालव्याचं पाणी रानात सोडलं. पाणी सोडलं, बरं का. पावसानं आलं नाही. पॅटन वापसा नसलेल्या रानात शिरले आणि माझ्या ट्रॅक्टरसारखे बसले, फक्त त्यांना ओढायला बांधावर कुणी नव्हतं, तिथं सेंच्युरियन उभे होते. आपल्या बाजूनं सांगितला जाणारा आकडा ९७ रणगाड्यांचा, नष्ट झालेले आणि हाती लागलेले धरून. मग पॅटन वाईट मशीन होतं का? अजिबात नाही, माझा ट्रॅक्टरही वाईट नव्हता. घालणारा चुकला. जावळीत अफझलखानाचे हत्ती-घोडे वाईट नव्हते तसंच हे.

आणि नेता म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं पुतळाच येतो, ते जरा सोडा. अब्दुल हमीद क्वार्टरमास्टर हवालदार होते, जीपवरची रिकॉईललेस गन (रणगाडा फोडणारी हलकी तोफ) घेऊन ऊसात थांबले आणि रणगाडा टप्प्यात येईपर्यंत गोळी सोडली नाही. उघड्या जीपवरची गन, एकदा उडाली की जागा कळते, म्हणून लगेच हलायचं. हत्यार तेच, पण थांबायचं कधी आणि हलायचं कधी हे त्या माणसाला कळत होतं. १० सप्टेंबरला ते गेले, परमवीर चक्र मिळालं.

ह्यातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. असल उत्तरला लढलेली चौथी डिव्हिजन म्हणजे तीच, जी नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धात सेला खिंडीची बळकट जागा धड न लढता सोडून मागं आली होती. तेव्हा सगळे म्हणाले थ्री-नॉट-थ्री रायफल जुनी, थंडीचे कपडे नाहीत, चिनी संख्येनं जास्त. सगळं खरं. पण त्याच रायफली घेऊन लडाखमध्ये 'रेझांग ला' खिंडीत मेजर शैतानसिंगांची कुमाऊंची कंपनी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. मधल्या तीन वर्षांत काय झालं तर रायफली बदलायला लागल्या, डोंगरी डिव्हिजन म्हणून ट्रेनिंग झालं, वरचे अधिकारी बदलले, आणि दिल्लीत संरक्षण खात्यात आपले यशवंतराव होते, जन्म तुमच्या देवराष्ट्राचा, कर्मभूमी आमचं कराड, तेव्हा त्यांच्यावरनं भांडण नको. ह्यातलं हत्यार किती आणि नेता किती हे मला वेगळं काढता येत नाही. तुम्हालाही येणार नाही, हाच माझा मुद्दा आहे. तुम्ही हत्यार आणि संख्या एका पारड्यात आणि नेता दुसऱ्यात घालून तोलताय, पण नेत्याचं कामच मुळी हे की समोरच्याचं चांगलं हत्यार कुठं चालणार नाही ते बघून त्याला तिथं आणायचं.

टोमण्याचंही उत्तर देतोच. डिसेंबर १६९९ ला औरंगजेब स्वतः ह्याच किल्ल्याखाली बसला होता, पायथ्यालाच. तोफा, पैसा, माणसं, कशाची कमी? आत प्रयागजी प्रभू आणि थोडी माणसं. मंगळाईच्या बुरुजाला सुरुंग लावले. पहिल्यानं किल्ल्यातली माणसं गेली, प्रयागजी स्वतः ढिगाऱ्याखालनं जिवंत निघाले. दुसरा सुरुंग उलटा फुटला, तट बाहेर कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दाटीनं उभी केलेली मुघल फौज त्याखाली सापडली, दोनेक हजार माणूस गेलं असं सांगतात. दाटीनं उभी होती म्हणून एवढी गेली, बघा संख्या कशी उलटते ती. आणि तरीही किल्ला पडला, एप्रिल १७०० मध्ये, मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेल्याची बातमी आल्यावर. आणि आठ वर्षांच्या आत परत आपल्याकडं, १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला.

एक उदाहरण मात्र माझ्या विरुद्ध जातं, तुम्ही काढलं नाहीत म्हणून मीच काढतो : पाकिस्तानातलं चविंडा, तोच सप्टेंबर १९६५. आपली पहिली आर्मर्ड डिव्हिजन, सेंच्युरियन, फिलोराला चांगली जिंकलेली, पूना हॉर्स रेजिमेंटच्या तारापोर यांच्यासारखा जखमी असून मागं न हटणारा माणूस पुढं, १६ तारखेला तेही गेले. आणि तरी चविंडा पडलं नाही. खाली नेतृत्व होतं, वरून येणारे हल्ले तुकड्यातुकड्यानं आले असं मला वाटतं, पण हे मी माझी थिअरी वाचवायला म्हणतोय का, ते तुम्ही ठरवा.

मूळ लेखातलं 'संख्येला अर्थ राहत नाही' हे वाक्य काढलंय, असईचा परिच्छेद वाढवलाय. नाव मात्र बदलणार नाही. त्या नावामुळंच तुम्ही आत आलात.