नेऊ नका, टाकू नका

कांदळवन बघायला जाताना पांढरे बूट घालू नयेत, असं बायकोने घरातून निघतानाच बजावलं होतं. तिचं ऐकायचं नाही, हे मी त्याच्याही आधी ठरवलं होतं.

राखीव वनाच्या दाराशीच भली मोठी पाटी. इथलं काही न्यायचं नाही, इथे काही टाकायचं नाही, लाकडी पुलावरून खाली उतरायचं नाही. "पाटी वाचली ना, काका?" वाटाड्या पोराने मला दोनदा विचारलं. बाकी कुणाला एकदाही नाही.

आत शिरताच पहिला तडाखा वासाचा. सडक्या अंड्यांचा. बायकोने माझ्याकडे पाहिलं. अशा प्रसंगी ती कायम माझ्याकडेच पाहते. पण पोरगा म्हणाला, "या चिखलात ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात." विज्ञानाने माझी निर्दोष सुटका करण्याची ही पहिलीच वेळ.

मग तो रंगात आला. चिखलातून वर आलेल्या बोटभर खुंट्या म्हणजे तिवराची मुळं. खाली जीव गुदमरतो म्हणून नाक वर काढून बसलेली. कांदळ मात्र कमानीसारख्या मुळांवर तंगड्या फाकून उभा. त्याची बी झाडावर असतानाच रुजते, हिरव्या पेन्सिलीसारखी लोंबत राहते आणि सुटली की खालच्या चिखलात उभीच्या उभी रुतते. आमचे चिरंजीव एकतिसाव्या वर्षीही आईच्या फांदीला लोंबताहेत, हे मी मोठ्याने बोललो नाही.

तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, असं कळल्यावर मी फांदी वाकवून एक पान चाटलं. खारट! पोरगा धावत आला. पाटीवर चाटण्याबद्दल काही लिहिलेलं नाही, हे मी त्याला दाखवून दिलं.

खाली एक इवलासा खेकडा एकच अगडबंब नांगा हलवत होता. हे नर मादीवर छाप पाडायला तो मिरवतात. जेवायला मात्र दुसरा, चिमुकला नांगा. मादीचे दोन्ही लहान, म्हणून ती दोन्ही हातांनी जेवते. बायकोला हा खेकडा ओळखीचा वाटला.

आणि मग दिसली निवटी. मासा असून ओहोटीच्या चिखलावर आरामात बसलेली, ओल्या कातडीतून श्वास घेत. फोटो जवळून हवा म्हणून मी पुलावरून पाय खाली टेकवला. एकच पाय. तो गुडघ्यापर्यंत गेला. ओढून काढला तेव्हा मोजा आला, बूट आला नाही. निवटीने डोळे आत ओढून घेतले आणि पुन्हा बाहेर काढले. डोळे मिचकावण्याची तिची रीतच तशी, पण मला ते लागलं.

"काका, इथे काही टाकायला मनाई आहे."

"टाकला नाही रे, गेला!"

"मग काढा. लवकर. भरती लागलीय, त्यात आज अमावास्या. उधाण आहे."

मी फळ्यांवर पालथा पडलो आणि खांद्यापर्यंत हात चिखलात घातला. बोटांना काहीतरी लागलं. जोर लावला, फस्सकन आवाज आला आणि बूट हाती आला. काळा. माझा नव्हता.

"असू द्या," पोरगा म्हणाला, "तोही हवाच होता. आता तुमचा."

पण तोवर पाणी त्या भोकावर चढलं होतं. तो घड्याळ बघून म्हणाला, "उद्याच्या ओहोटीला बघू. आजच्यापेक्षा पन्नासेक मिनिटं उशिरा." नियम मोडल्याची नोंद चौकीच्या वहीत झाली. तिथे कोपऱ्यात असेच एकेकटे बूट ओळीने वाळत होते. उजव्या पायाचा एकही नव्हता. लोक बहुधा डावा पाय आधी टाकतात. मी उजवा टाकला होता.

"नंबर किती तुमचा?" त्याने विचारलं.

दोन्ही पायांत डावाच बूट घालून मी बाहेर पडलो. बायको दहा पावलं पुढे चालत होती.