बाखारीया, पण दादरला!

लेक नोकरीनिमित्त माद्रिदला गेली आणि साठी ओलांडलेल्या मी दादरच्या एका वर्गात स्पॅनिशसाठी नाव घातले. वर्तमानकाळ कसाबसा पचला. संकेतार्थापाशी, म्हणजे 'जर-तर'च्या क्रियारूपापाशी, मात्र गाडी अडली. बाई म्हणाल्या, "काका, हे सर्वांत सोपे. मूळ क्रियापद मोडायचे नाही, त्याला शेपटी तेवढी जोडायची." म्हणजे 'बाखार', अर्थात उतरणे, आणि त्यापुढे ईया, ईयास, ईया, ईयामोस, ईयाइस, ईयान. 'आर', 'एर', 'ईर'ने संपणाऱ्या क्रियापदांच्या तिन्ही घराण्यांना शेपट्या त्याच. नियम न पाळणारी क्रियापदे जेमतेम डझनभर. आमच्या सोसायटीत याहून जास्त निघतील.

अंधेरीहून चर्चगेट जलद लोकलमध्ये लोंबकळत मी उजळणी करू लागलो. 'बाखारीया'चा कर्ता मी की तो, हे रूपावरून ओळखता येत नाही. पण दादरच्या लोंढ्यात मी स्वतः उतरलो की मागच्याने मला उतरवले, हे तरी कुठे ओळखता येते? हेच रूप अदबीसाठीही चालते, म्हणून पुढच्या गृहस्थांना मनातल्या मनात विचारले, "बाखारीया उस्तेद एन दादर?", म्हणजे 'आपण दादरला उतराल का?' तोंडातून मात्र नेहमीचे "दादर?" एवढेच निघाले, आणि त्यांनीही नुसती मान हलवली.

खरी मेख 'जर'मध्ये आहे. आपले व्याकरण समन्यायी: 'गाडी थांबती, तर मी उतरतो', दोन्हीकडे संकेतार्थ. स्पॅनिशमध्ये शेपटी फक्त 'तर'च्या वाट्याला येते आणि 'जर'ला भूतकाळी धाटणीचे वेगळेच रूप लागते: 'सी एल त्रेन पारारा, बाखारीया'. मी इमानेइतबारे दर वेळी 'पारारीया' म्हणतो आणि बाई दर वेळी डोळे मिटतात. बास्क प्रांतात आणि बुर्गोसच्या बाजूला जन्मजात स्पॅनिश माणसेही बोलताना हीच चूक करतात, हे वाचल्यापासून मी माझ्या चुकीला बोलीभाषा मानतो.

'पारारा, पारारीया' असे घोळवत असताना गाडी दादरला थांबली आणि सुटलीही. अदबीने विचारलेले गृहस्थ केव्हाच उतरले होते. फूलबाजारापाशी वाट पाहणाऱ्या सौ.चा फोन आला, "अहो, दादरला उतरेन म्हणाला होतात ना?"

वहीचे पुढचे पान उलटले. संकेतार्थाचा आणखी एक उपयोग, भूतकाळात बोललेले भविष्य: 'दिखो के बाखारीया', तो म्हणाला की उतरेन. उदाहरण शोधावे लागले नाही. मुंबई सेंट्रल आले होते.